850 रुपयांचा कॉम्प्रेशन गेज आणि एका दाताचा फरक

लाल प्लास्टिकचा डबा, आत काळं रबर चढवलेला घड्याळासारखा गेज, फूटभर नळी, पितळेचे तीन अडॅप्टर आणि एक रबरी शंकू. इंजिनात पिस्टन हवा किती दाबतो, म्हणजे कॉम्प्रेशन किती, ते यानं मोजतात. पुण्यात नाना पेठेत 850 रुपयांना मिळाला. दुकानदार 1100 म्हणत होता, मी डबा मिटवून निघाल्यासारखं केलं तेव्हा खाली आला. कंपनीचं नाव डब्यावर नाही, गेजवर नाही, आतल्या कागदावरही नाही. असेच लाल डबे तिथं चार दुकानांत टांगलेले दिसले, त्यामुळे तुम्ही मागायला गेलात तर बहुधा हाच पुढे येईल. म्हणून लिहितोय.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. एसटीच्या कार्यशाळेत 31 वर्षं काढली. तिथला डिझेलचा गेज मनगटाएवढ्या जाड नळीचा, आकडा चारशेच्या वर दाखवणारा. त्यामुळे हा हातात घेतला तेव्हा खेळण्यातलाच वाटला. निवृत्त झाल्यापासून साताऱ्यात माझ्या दारात फक्त दुचाक्या येतात. कॉलनीतल्या, पाहुण्यांच्या, आणि "काका, जरा बघता का" म्हणणाऱ्या कुणाच्याही. पैसे घेत नाही. चहा घेतो.

गेज घेण्याचं कारण माझा पुतण्या संकेत. त्याची 2009 ची स्प्लेंडर, हिरो होंडाच्या काळातली. जानेवारीत एका गॅरेजात बोअर करून (सिलिंडर आतून कातून) पिस्टन, त्याभोवती हवा अडवणाऱ्या रिंगा, टायमिंग चेन असं सगळं नवीन टाकून घेतलं. तेव्हापासून गाडी सकाळी पंधरा-पंधरा किका खायला लागली. यवतेश्वरच्या घाटात आधी तिसऱ्यावर चढायची, ती आता दुसऱ्यावर रडायला लागली. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं: "रिंगा बसू देत, हजार किलोमीटर चालव." याची अठराशे झाली तरी रिंगांचं बस्तान काही बसेना. मी किक मारून पाहिली, तर पायाखाली भसकन गेली. नव्या रिंगांची गाडी पायाला असा प्रतिसाद देत नाही. कॉम्प्रेशन कुठंतरी हरवलंय एवढं पायाला कळलं, पण किती आणि का, ते सांगायला पाय पुरत नाही.

तर गेज. इंजिन गरम केलं, प्लग काढला, स्प्लेंडरला लागणारा 10 मिलिमीटरचा अडॅप्टर हातानं घट्ट केला, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरला आणि आठ किका मारल्या. (ॲक्सिलरेटर उघडा धरायचाच. बंद ठेवला तर कार्ब्युरेटर हवाच घेऊ देत नाही आणि चांगलं इंजिनही मेल्यासारखं दिसतं.) काटा 105 पीएसआयवर (दाबाचं एकक, पौंड प्रति चौरस इंच) थांबला. नव्या बोअरला 105 म्हणजे काहीच नाही. मी संकेतला म्हटलं, "रिंगा गेल्या तुझ्या, किंवा उलट्या घातल्यात." असं लगेच बोलायला नको होतं.

मग रीतसर तेलाची परीक्षा. प्लगच्या भोकातून पाव चमचा इंजिन ऑइल सोडलं आणि परत किका. रिंगांतून गळत असेल तर तेलानं फट बुजते आणि आकडा एकदम वीस-तीसनं उडी मारतो. इथं 110 झाला. ती पाच पीएसआयची वाढसुद्धा तेलानं आतली जागा व्यापली म्हणून. पाव चमच्याऐवजी दोन चमचे ओतले असते तर आकडा भलताच वर गेला असता आणि मी रिंगांवर शिक्कामोर्तब करून मोकळा झालो असतो. शंभर सीसीच्या इंजिनात तेल मोजून घालावं लागतं, हे बसवाल्या हाताला उशिरा समजलं.

मग उलट बाजूनं पाहिलं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक संकेतला दाबायला लावला आणि टायरच्या पंपानं प्लगच्या भोकातून हवा भरली. कार्ब्युरेटरला कान लावला, काही नाही. सायलेन्सरला लावला, काही नाही. ऑइलच्या झाकणाशी थोडी फुसफुस, ती प्रत्येक इंजिनात असते. म्हणजे व्हॉल्व्ह बसलेत, रिंगा धरतायत, हेडचं (सिलिंडरवरच्या टोपीचं) पॅकिंग शाबूत आहे. हवा कुठूनच जात नाही आणि तरी आकडा 105.

तेव्हा पहिल्यांदा संशय आला तो गेजवर. माझी स्वतःची स्प्लेंडर दारातच होती, एका किकेत सुरू होणारी, तेल न खाणारी. तिला लावला. 120! माझी गाडी आजारी नाही हे मला ठाऊक आहे. हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "आता तुमचीपण उघडणार का?"

गाडी उघडली नाही, गेज उघडला. आणि खरी गोम तिथं निघाली.

कॉम्प्रेशन गेजमध्ये एक बारकी पिन असते, ट्यूबच्या व्हॉल्व्हमध्ये असते तशी. दाब आत जाऊ देते, परत येऊ देत नाही, म्हणून काटा सर्वांत मोठ्या आकड्यावर अडकून राहतो. ही पिन प्लगच्या टोकाला हवी. या गेजमध्ये ती नळीच्या दुसऱ्या टोकाला, गेजच्या बुडाशी बसवली आहे. म्हणजे प्रत्येक किकेला पिस्टनला नळीतली सगळी जागाही दाबून भरावी लागते. ती जागा किती? आतला व्यास 4 मिलिमीटर, लांबी 30 सेंटिमीटर, म्हणजे पावणेचार सीसी. बसच्या इंजिनात एकेक सिलिंडर जवळपास लिटरभराचा, तिथं पावणेचार सीसी कुणी विचारत नाही. पण स्प्लेंडरचं अख्खं इंजिन 97.2 सीसीचं, 50 मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि 49.5 स्ट्रोक (पिस्टनची धाव). कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) नऊच्या आसपास धरला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम 12 सीसी. त्यात पावणेचार मिळवले की नवाचा रेशो सातावर येतो. गेज लावल्याबरोबर इंजिनच बदलतं. आतल्या कागदावर सगळी चित्रं मोटारगाडीची आहेत ती का, हे तेव्हा लक्षात आलं.

दुरुस्ती जमते, पण करावी लागते. सातारा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून 10 मिलिमीटरच्या अडॅप्टरच्या आत जुन्या ट्यूबच्या व्हॉल्व्हचं पितळी नळकांडं बसवून घेतलं. 150 रुपये. गेजच्या बुडाची पिन काढली. अडॅप्टरमध्ये आधी साधी टायरची पिन घातली, तर माझ्या गाडीचा आकडा 150 च्या आसपास आणि तोही दर वेळी वेगळा. टायरच्या पिनेची स्प्रिंग कडक असते, ती उघडायलाच दाब खाते. गेजसाठी मऊ स्प्रिंगची पिन मिळते, दिसायला डिट्टो तशीच, किंमत 60 रुपये. ती टाकल्यावर माझी स्प्लेंडर 165. पाच वेळा घेतलं, पाचही वेळा 165 च्या आत-बाहेर दोन.

म्हणजे गेजची खरी किंमत 1060. दुकानदाराच्या 1100 ला मी उगाच हसलो.

आता संकेतची गाडी: 140. माझ्यापेक्षा 25 नं कमी. जुन्या अवस्थेत हाच फरक फक्त 15 दिसत होता, नळीनं तोही जवळजवळ निम्म्याला आणला होता. आणि हे 25 कुठं गळत नाहीत, हे पंपानं आधीच सांगितलं होतं. जे गळत नाही ते मुळात आत कोंडलंच गेलं नसणार.

इथं थोडं थांबतो, कारण गॅरेजांत याबद्दल फार गैरसमज आहे. "कॉम्प्रेशन" म्हटलं की सगळे रिंगा आणि व्हॉल्व्ह पाहतात. पण पिस्टन तळाला पोचला की लगेच दाबायला सुरुवात होत नाही. इनटेकचा, म्हणजे हवा आत घेणारा, व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो. पिस्टन वर निघतो तरी तो थोडा वेळ उघडा राहतो, हे मुद्दाम केलेलं असतं. पाच हजार आरपीएमला आत येणाऱ्या हवेला जोर असतो, पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते, म्हणून दार उशिरा लावलं की जास्त भरतं. किकेला मात्र इंजिन काहीशे आरपीएमनंच फिरतं, हवेला कसला जोर? दार उघडं दिसलं की ती आल्या वाटेनं कार्ब्युरेटरकडे परत जाते. दार लागेल त्या क्षणी सिलिंडरमध्ये जेवढी उरली तेवढीच दाबली जाते. म्हणून गेजवरचा आकडा नुसता कॉम्प्रेशन रेशो दाखवत नाही. तो इनटेक व्हॉल्व्ह कधी मिटतो तेही सांगत असतो. आणि ते ठरवतो कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा फिरता दांडा.

स्प्लेंडरचा कॅम वर हेडमध्ये, त्याला चेननं क्रँक, म्हणजे पिस्टनखालचा मुख्य दांडा, फिरवतो. डाव्या बाजूचं हेडवरचं गोल झाकण काढलं, क्रँकच्या टोकावरच्या मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन वरच्या टोकाला असल्याची) समोर आणली. कॅमच्या चाकावरची गोल खूण हेडवरच्या खाचेसमोर यायला हवी होती. ती बरोबर एक दात मागे होती. चेन घालताना ताण राहिला नाही, चाक एक दात सरकलं आणि कुणी खूण परत पाहिली नाही, एवढंच. स्पार्क मॅग्नेटवरून ठरतो, त्यामुळे त्याच्यात काही बदल नाही. म्हणूनच गाडी सुरू होत होती, चालत होती, फक्त जीव नव्हता. संकेत म्हणाला, "एका दातानं एवढं?" चाकाचे दात मी त्याच्याकडूनच मोजून घेतले. 28. म्हणजे एक दात सुमारे 13 अंशांचा, आणि क्रँक कॅमच्या दुप्पट फिरतो म्हणून क्रँकवर 26 अंश. व्हॉल्व्ह समजा तळानंतर 30 अंशांवर मिटायचा, तो 56 वर मिटणार. तोवर पिस्टन साडेआठ मिलिमीटर वर चढलेला असतो, 49.5 पैकी. एक षष्ठांश स्ट्रोक हवा परत ढकलण्यात गेला.

चेन उतरवली, खूण जुळवली. आणि उघडलंच आहे तर मोह आवरला नाही: उलट्या बाजूनं एक दात पुढे घालून पाहिलं. आधी पान्यानं मॅग्नेट दोन पूर्ण फेरे हातानं फिरवला, व्हॉल्व्ह कुठं पिस्टनला टेकत नाही याची खात्री केली, मगच किका मारल्या. हे तुम्ही करू नका. प्रत्येक इंजिनात एवढी जागा असेलच असं नाही, आणि वाकलेला व्हॉल्व्ह गेजपेक्षा महाग पडतो. तीन आकडे आले ते असे: एक दात मागे 140, बरोबर जागी 165, एक दात पुढे 175.

मागे गेल्यावर 25 नं घटतं, पुढे गेल्यावर मात्र दहानंच वाढतं. संध्याकाळी वहीत आकृती काढली तेव्हा उलगडलं. तळाशी पिस्टन रेंगाळतो. तिथं 26 अंशांत तो जेमतेम अडीच मिलिमीटर हलतो, पुढच्या 26 अंशांत सहा. म्हणून व्हॉल्व्ह लवकर मिटवून मिळण्यासारखं फारसं नसतं, उशिरा मिटवून गमावण्यासारखं पुष्कळ. आणि 175 दाखवणारं ते इंजिन 165 वाल्यापेक्षा चांगलं नव्हतं, चुकीचं जोडलेलं होतं. "जास्त आकडा म्हणजे भारी इंजिन" असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतोय. पिस्टनवर कार्बनचा थर बसला तरी आकडा वाढतो.

खूण जुळवून गाडी परत दिली. दुसऱ्या किकेत सुरू. त्या गॅरेजवाल्याचं नाव लिहीत नाही. चूक कुणाच्याही हातून होते, डेपोत माझ्या हातून याहून मोठ्या झाल्यात. राग एवढाच की 1800 किलोमीटर रिंगांना बोल लावला.

त्यानंतर गेज बराच फिरला. कॉलनीतल्या एका जुन्या कास्ट आयर्न बुलेटला लावला, तेव्हा 110 भरले. तिचा मालक हौशी. मे महिन्यात त्यानं जास्त वेळ उघडे राहणारे कॅम घालून आणले आणि आकडा 92 वर आला. तो घाबरून पळत आला. त्याला तेच सांगितलं, तुझ्या इंजिनाला काही झालेलं नाही, दार उशिरा लागतंय. वरच्या आरपीएमला त्याचा फायदा असेल, पण 70 बाय 90 चा लांब स्ट्रोक असलेली बुलेट वरच्या आरपीएमला नेतंय कोण? असे कॅम घालायचे तर सोबत उंच पिस्टन घालून रेशो वाढवतात, नुसते कॅम घातले की खालचा जोर जातो. त्याला ते पटलं नाही. आवाज भारी येतो म्हणाला.

बुलेटचा आकडा घेताना डिकॉम्प्रेसरच्या (किक सोपी जावी म्हणून दाब सोडणाऱ्या) लिव्हरला हात लावायचा नाही, हे सांगायला नको. पण अलीकडच्या युनिट इंजिनवाल्या बुलेट आणि ड्यूक 390 सारख्या गाड्यांमध्ये तो आपोआप चालतो. इंजिन हळू फिरताना एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो, स्टार्टरला सोपं जावं म्हणून. तिथं या गेजचा आकडा पाहून कुणाला घाबरवू नका, आकडा कमीच येणार. पल्सरच्या दोन प्लगच्या इंजिनात दुसरा प्लग जागेवर ठेवायचा. हसू नका, एका पोरानं दोन्ही काढून मला शून्य आकडा दाखवला होता.

पाहुण्यांकडे महाबळेश्वरला गेलो तेव्हा गेज डिकीत होता. माझीच गाडी, तसंच गरम इंजिन, 152. तेरा कमी. क्षणभर पोटात गोळा आला. मग आठवलं, साताऱ्यापेक्षा सहाशे-साडेसहाशे मीटर वर आलोय. बाहेरची हवाच विरळ, तर आत कोंडली जाणारीही तशीच. घाटावरचा आकडा कोकणातल्या आकड्याशी ताडून पाहायचा नाही. गेज तोच, गाव तेच, किक मारणारा पायही शक्यतो तोच, तरच तुलना. मोटारसायकलच्या कामात हा गेज खरं तर एवढंच देतो: एका गाडीची दुसरीशी, किंवा त्याच गाडीची गेल्या वर्षीशी तुलना.

उरलेल्या तक्रारी. रबरी शंकू फेकून द्या. तो भोकात दाबून धरायला एक हात, ॲक्सिलरेटरला एक, गाडी सांभाळायला एक, आणि वर किक. काटा शून्यावर न येता 5 वर थांबतो. जुन्या सहकाऱ्याकडच्या चांगल्या गेजशी ताडला, 150 ला हा 153 दाखवतो, चालतंय. दाब सोडायचं बटण सहा महिन्यांत चिकट झालं, ऑइलचा थेंब सोडला की मोकळं होतं. नळीचा जोड अजून गळत नाही. 14 मिलिमीटरचा अडॅप्टर उत्तम कापलाय, 12 चा आटा पहिल्या दोन फेऱ्यांत अडतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तो जोर लावून कधीही घालू नका, हेडचा आटा जाईल.

महिन्यापूर्वी पुण्याला गेलो तेव्हा त्याच दुकानात जाऊन पिनेची गोष्ट सांगितली. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, कारवाल्यांची तक्रार नाही कधी." खरंच आहे, नसणार. मी मऊ स्प्रिंगच्या आणखी दोन पिना मागितल्या, त्या त्याच्याकडे नव्हत्या.

डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय. त्यावर गाडी, तारीख, ठिकाण, आकडा. सध्या अकरा ओळी आहेत. संकेतच्या ओळीत 140 खोडून 164 लिहिलंय, आणि पुढे त्याच्या अक्षरात, "काकांनी आधी रिंगा म्हटलं होतं."